चाक जमिनीवर राहावं म्हणून

'शॉक अ‍ॅब्सॉर्बर'साठी मराठीत 'धक्काशोषक' असा शब्द केला गेला आहे. गॅरेजमध्ये तो कुणी वापरत नाही. तिथे 'शॉकअप' हेच नाव चालतं. पण मूळ इंग्रजी शब्दातली एक गफलत या दोन्ही शब्दांत उतरली आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी एक नळकांडं आणि त्याभोवती स्प्रिंग दिसते. धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. नळकांड्यातल्या तेलाचं काम वेगळं असतं. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा उसळून परत येऊ लागते, तेव्हा तिला आवर घालायचा आणि तिची उष्णता करून टाकायची, हे ते काम. इंग्लंडमधले अभियंते म्हणूनच त्या नळकांड्याला 'डॅम्पर' म्हणतात. डॅम्पर म्हणजे शमवणारा. धक्काशोषकापेक्षा हा शब्द खरा आहे.

दुसरी गफलत अधिक खोल आहे. सस्पेन्शन म्हणजे आरामाची सोय, अशी आपली समजूत असते. खड्ड्यांतून जाताना कंबर वाचते, तेवढ्यापुरता ती खरीही आहे. पण मोटरसायकलचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. ब्रेक, वेग आणि वळण या तिन्ही गोष्टी त्या दोन तळहातांतूनच होतात. चाक क्षणभर जरी उचललं गेलं, तरी तेवढा वेळ गाडीला ना ब्रेक असतो ना दिशा. सस्पेन्शनचं पहिलं काम चाक जमिनीला चिकटवून ठेवणं हे आहे. आराम हा त्या कामाचा जोडफायदा. हे जितकं स्पष्ट शर्यतीच्या ट्रॅकवर कळतं, तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही.

मी व्यवसायाने यंत्र-अभियंता. गेली काही वर्षं वर्षातून दोन-तीनदा गाडी टेम्पोत घालून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर घेऊन जातो. तिथे 'ट्रॅक डे' असतात. ती शर्यत नसते. बक्षीस नाही, क्रमांक नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत आपापल्या गतीने फेऱ्या मारायच्या. समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, तेच वळण तासाभरात वीस वेळा भेटतं. त्यामुळे ट्रॅक ही एक प्रयोगशाळा ठरते. एक गोष्ट बदलली की तिचा परिणाम दिसतो, कारण बाकी सारं तसंच असतं. या लेखात सस्पेन्शन चालतं कसं, ट्रॅकसाठी ते कसं लावायचं आणि त्यातून घरच्या गाडीबद्दल काय शिकता येतं, हे क्रमाने मांडायचा प्रयत्न आहे.

चकत्यांच्या घर्षणापासून मोनोशॉकपर्यंत

या शास्त्राचा पाया रॉबर्ट हूक यांनी घातला. स्प्रिंगचा नियम त्यांनी १६७६ मध्ये लॅटिन अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि उत्तर दिलं १६७८ मध्ये: जितका ताण, तितकं बळ. दुसऱ्या कुणी शोधाचं श्रेय घेऊ नये, म्हणून त्या काळी विद्वान अशी कोडी छापत. स्प्रिंग दुप्पट दाबायची तर जोर दुप्पट लागतो, एवढाच याचा अर्थ. पण यात न सांगितलेला एक भाग आहे. दाबलेली स्प्रिंग सोडली की ती नुसती मूळ जागी येऊन थांबत नाही, पलीकडे जाते, मग परत येते, आणि अशी बराच वेळ हेलकावत राहते.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शन नव्हतंच. सीटखाली स्प्रिंगा असत. पुढे 'गर्डर' पद्धतीचे फोर्क असत आणि हेलकावा थांबवायला एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या. हाताने फिरवायच्या चाकीने त्या आवळता येत. घर्षणाची अडचण अशी की ते हालचाल सुरू होतानाच सर्वात जास्त अडवतं. बारीक खडबडीतपणावर सस्पेन्शन जागचं हलतच नाही, आणि मोठ्या धक्क्याला घर्षण अपुरं पडतं. नेमकं उलटं हवं असतं.

१९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर १२' या गाडीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने शमन करणारा फोर्क दिला. आज आपल्या बहुतेक गाड्यांना असतो तो टेलिस्कोपिक फोर्क याच घराण्यातला. मागच्या बाजूचा प्रश्न सुटायला आणखी पंधरा वर्षं लागली. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅकँडलेस या भावांनी नॉर्टन कंपनीसाठी नवी चौकट बनवली. तिला मागे स्विंगआर्म होता, म्हणजे आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'चिमटा' म्हणतात तो. १९५० मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध शर्यतीत जेफ ड्यूक यांनी या गाडीवर मोठ्या गटाचं विजेतेपद मिळवलं. हॅरल्ड डॅनिएल या चालकाला ही गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून चौकटीचं नाव 'फेदरबेड' पडलं. नाव गादीचं असलं तरी तिने शर्यती जिंकल्या त्या आरामामुळे नव्हेत. चाक जमिनीवर राहत होतं म्हणून चालक वळणातून आधी वेग देऊ शकत होता.

त्यानंतरची मोठी पावलं चिखलातल्या शर्यतींतून, म्हणजे मोटोक्रॉसमधून आली. मागचे दोन शॉक काढून एकच लांब शॉक बसवायची कल्पना बेल्जियमच्या ल्युसियन टिल्केन्स यांची. यामाहाने ती घेतली आणि १९७३ मध्ये हॉकन अँडरसन यांनी तिच्यावर २५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. आपल्याकडच्या गाड्यांवर 'मोनोशॉक' म्हणून मिरवतो तो हाच वारसा. मोटोक्रॉस चालवणाऱ्या केंट ओलिन यांनी स्वीडनमध्ये आपली सस्पेन्शन कंपनी सुरू केली तीही १९७६ मध्ये, याच काळात.

स्प्रिंग आणि तेल

स्प्रिंगला विचारण्याचा प्रश्न 'किती दाबली?' हा असतो. तेलाला विचारण्याचा प्रश्न 'किती वेगाने दाबलं?' हा असतो. सस्पेन्शनचं निम्मं गणित या फरकात आहे. स्प्रिंगचं बळ अंतरावर ठरतं. तेलाचं बळ वेगावर. गाडी स्थिर उभी असेल तर तेल काहीच करत नाही.

साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं. अशा भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकलायचं तर विरोध चौपट होतो. त्यामुळे गाडी ब्रेकखाली सावकाश वाकते, तेव्हा हा फोर्क जवळजवळ विरोध करत नाही. आणि रस्त्यावरची तीक्ष्ण कड आली की तोच फोर्क दगडासारखा होतो. नाक खुपसणारी गाडी आणि मनगटाला बसणारा हिसका या दोन तक्रारी एकाच भोकाच्या असतात.

चांगल्या फोर्कमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. कमी वेगात त्या तेलाला अडवतात, वेग वाढला की वाकून वाट देतात. या चकत्या ०.१० किंवा ०.१५ मिलिमीटर जाडीच्या असतात, माणसाच्या केसाहून थोड्याच जाड. चकतीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ०.१० ऐवजी ०.२० मिलिमीटरची चकती टाकली, तर ती दुप्पट नव्हे, आठपट ताठर होते. सस्पेन्शन बनवणारा कारागीर टेबलावर चकत्या मांडून मायक्रोमीटरने मोजत बसतो, त्याचं कारण हे.

शमवलेली ऊर्जा तेलातच उष्णतेच्या रूपाने साठते. तेल तापलं की पातळ होतं आणि डॅम्परचा जोर उतरतो. शिवाय पिस्टनमागे दाब फार कमी झाला तर तेलात बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांना आवर घालता येत नाही. म्हणून चांगल्या शॉकमध्ये तेलाला दाबाखाली नायट्रोजनचा आधार देतात. बाजूला जोडलेली छोटी डबी त्यासाठीच असते. स्वस्त शॉकवर कधीकधी नुसती डबीच असते, आत काही नसतं, ती शोभेची.

पोत्यासाठी बनवलेली गाडी

आपल्या देशातली दुचाकी कुणासाठी बनते? ती एका माणसासाठी बनत नाही. तिच्यावर नवरा-बायको आणि मधे मूल बसतं, कधी दुधाचे कॅन, कधी सिमेंटचं पोतं, कधी गॅसची टाकी. रस्ता कसाही असतो. कंपनीला हे सगळं धरून मागची स्प्रिंग निवडावी लागते. त्याच गाडीवर साठ किलोचा मुलगा एकटा बसून ट्रॅकवर आला, तर मागची बाजू त्याच्यासाठी ताठर आणि पुढची, आरामासाठी मऊ ठेवलेली, त्याच्यासाठी फार मऊ ठरते. यात कंपनीचा दोष नाही. ती गाडी दुसऱ्याच कामासाठी बनली आहे.

पुढची बाजू मऊ असली की काय होतं, ते आकड्यांत पाहू. गाडी आणि पूर्ण पोशाखातला चालक मिळून अडीचशे किलो धरू. दोन्ही चाकांवर सव्वाशे-सव्वाशे किलो. दोन चाकांमधलं अंतर १.३६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटर. आता चालकाने ताशी १५० किलोमीटरवरून ७० वर येण्यासाठी जोरात ब्रेक लावला, गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांश तीव्रतेने. वेग उतरायला अडीच सेकंद लागतात. त्या अडीच सेकंदांत सुमारे शंभर किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर सव्वादोनशे किलो, मागच्यावर फक्त पंचवीस. मऊ फोर्क इथे तळाला टेकतो. आणि टेकलेला फोर्क म्हणजे फोर्कच नसलेली गाडी. पुढच्या उंचवट्यावर चाक जमीन सोडतं, तेही सर्वात जास्त ब्रेक लावलेला असताना.

मग वळण येतं. गाडी पंचेचाळीस अंशांत कलली की वळणाच्या बळामुळे सस्पेन्शनवरचा भार साधारण १.४ पट होतो. अडीचशेचे साडेतीनशे किलो. आणि गंमत अशी की कललेल्या गाडीत सस्पेन्शनही कललेलं असतं. रस्त्याचा उंचवटा चाकाला सरळ वर ढकलतो, पण फोर्क तिरका सरकतो. त्या अवस्थेत धक्क्याचा काही भाग टायर आणि चौकट यांच्या लवचीकपणावर सोपवावा लागतो. म्हणूनच शर्यतीच्या गाडीची चौकट आडव्या दिशेने थोडी लवावी, असं मुद्दाम बनवतात.

टेप, वही आणि पाना

सस्पेन्शन लावायला लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: मोजपट्टी, वही, पाना, आणि गाडी धरायला दोन मित्र. क्रम मात्र पाळावा लागतो.

सुरुवात टायरच्या हवेपासून, कारण टायर हीसुद्धा एक स्प्रिंग आहे. त्यानंतर कोनसेटचे आणि चिमट्याचे बेअरिंग. ते अडकत असतील किंवा खेळत असतील, तर पुढचं सारं मोजमाप खोटं.

मग 'सॅग', म्हणजे गाडी स्वतःच्या आणि चालकाच्या वजनाने किती खाली बसते ते. चाक हवेत लोंबकळत असताना चाकाच्या आसापासून वरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजायचं. मग गाडी जमिनीवर एकटी उभी करून तेच अंतर, आणि शेवटी चालकाला पूर्ण पोशाखात, हेल्मेट आणि बुटांसह बसवून पुन्हा. घर्षणामुळे आकडा चकवतो. म्हणून एकदा गाडी दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून मोजायचं आणि सरासरी धरायची. ट्रॅकसाठी चालकासह पुढे तीस ते पस्तीस मिलिमीटर आणि मागे तीसच्या आसपास हा सुरुवातीला ठीक आकडा. यातलं शहाणपण असं की चाकाला वर जायला जशी जागा हवी, तशीच खाली उतरायलाही हवी. खळग्यावरून जाताना चाक खाली गेलं नाही, तर ते हवेत राहील.

सॅग बदलतो प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याने. इथे सर्वात पसरलेला गैरसमज भेटतो: प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. तसं होत नाही. पुढच्या दोन स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला १८ न्यूटन अशा असतील, आणि आपण त्या दहा मिलिमीटर आधीच दाबल्या, तर हलायला सुरुवात होण्यासाठी १८० न्यूटन, म्हणजे सुमारे अठरा किलो लागतील. पण त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला पूर्वीसारखेच १८ न्यूटन. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही.

स्वभाव योग्य आहे की नाही, हे एका हुशार मोजमापाने कळतं. चालकासह मागचा सॅग तीसवर आणा. मग चालक उतरवून गाडीचा एकटीचा सॅग पाहा. तो पाच ते दहा मिलिमीटर असेल तर स्प्रिंग आपल्या वजनाची आहे. तो शून्याच्या जवळ असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. तिला उंचीवर आणण्यासाठी आपण फार दाबून ठेवलं आहे. पंधराच्या वर असेल तर स्प्रिंग ताठर आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. कागदावर दोन रेघा काढून पाहिल्या की पटतं.

यानंतर तेलाचे स्क्रू. रिबाउंडचा स्क्रू स्प्रिंग उलगडण्याचा वेग ठरवतो, कॉम्प्रेशनचा स्क्रू ती दाबली जाण्याचा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून उलट किती 'क्लिक' उघडला ते मोजून वहीत लिहायचं. जोर लावून बंद केला तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. उभ्या गाडीची सीट जोरात दाबून सोडली तर ती एकदा वर येऊन शांत व्हावी. वर येऊन पुन्हा डुचमळली तर रिबाउंड कमी आहे, आळसटल्यासारखी वर आली तर जास्त.

फोर्कच्या नळीवर एक प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून ठेवली की चाक किती वर गेलं ते सत्रानंतर दिसतं. सर्वात कठीण ब्रेकनंतर थोडी जागा उरली पाहिजे. उरतच नसेल तर फोर्कमधल्या तेलाची पातळी वाढवता येते. तेलावरची हवा हीसुद्धा स्प्रिंग आहे, आणि तिची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. म्हणून तेल थोडं वाढवलं तर सुरुवातीची चाल तशीच राहते आणि शेवटचा टप्पा तेवढा कडक होतो. तेलाच्या डबीवरच्या '१० डब्ल्यू'सारख्या आकड्यावर मात्र विसंबू नये. दोन कंपन्यांचं एकाच आकड्याचं तेल वेगवेगळ्या घट्टपणाचं निघू शकतं. चाळीस अंश तापमानाला सेंटिस्टोक्समध्ये दिलेला आकडा तुलनेला खरा.

सगळ्यात शेवटी भूमिती. फोर्कच्या नळ्या पकडीतून तीन मिलिमीटर वर सरकवल्या की गाडीचं नाक तेवढं खाली येतं, पुढचा कोन तीव्र होतो आणि गाडी वळणात लवकर शिरते. जास्त सरकवल्या तर सरळ रस्त्यावर ती अस्थिर होते. ब्रेकनेही फोर्क वाकतो आणि हाच परिणाम होतो. म्हणून जाणते चालक वळणात शिरेपर्यंत ब्रेक किंचित धरून ठेवतात आणि अलगद सोडतात. त्यांची बोटंसुद्धा त्या क्षणी सस्पेन्शनचाच भाग असतात.

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलाची नोंद: वेळ, हवेचं तापमान, टायरचा दाब, क्लिक, आणि 'काय वाटलं'.

'कडक' या शब्दाचे दोन अर्थ

या 'काय वाटलं'पाशी सस्पेन्शनचं शास्त्र भाषेच्या प्रांतात शिरतं. धक्क्यांसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा: गचका, हिसका, हादरा, हेलकावा, ठेच, डुचमळणं, थरथर. हे समानार्थी नाहीत. हिसका म्हणजे अचानक आणि एका दिशेने. बहुधा कॉम्प्रेशन जास्त. हेलकावा म्हणजे संथ आणि परतपरत येणारा, रिबाउंड कमी. थरथर सेकंदाला वीसेक वेळा होते, आणि तिचं मूळ पुष्कळदा टायरमध्ये असतं. चांगला मेकॅनिक चालकाच्या शब्दातून आजार ओळखतो, नाडी पाहिल्यासारखा.

इरुंगट्टुकोट्टईला एका फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या गाळ्यात पुण्याचाच एक तरुण होता. सकाळच्या दोन सत्रांत त्याचं मागचं चाक वळणातून बाहेर पडताना सटकता सटकता वाचलं होतं. त्याच्या मते गाडी मागून 'फार कडक' होती. त्याने प्रीलोड कमी केला होता, कॉम्प्रेशन पूर्ण उघडलं होतं. तरी ती अधिकच कडक वाटत होती. तो गाडी गुंडाळून परत निघायच्या बेतात होता.

ट्रॅकवर सस्पेन्शनचं काम करणारे एक वयस्क गृहस्थ तिथे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी गाडीला हात लावला नाही. त्याला हिंदीत विचारलं, "पहिल्या उंचवट्याला कडक, की तिसऱ्या-चौथ्याला?"

तो थांबला. विचार करून म्हणाला, "अण्णा, पहिला तर कळतही नाही. तिसऱ्यापासून दगड होते."

अण्णांनी मागच्या रिबाउंडचा स्क्रू तीन क्लिक उघडला आणि प्रीलोड मूळ जागी आणला. एवढंच.

घडत होतं ते असं. रिबाउंड फार आवळलेला होता. पहिल्या उंचवट्याने स्प्रिंग दाबली गेली आणि ती पूर्ण उलगडायच्या आत दुसरा उंचवटा आला, मग तिसरा. दर वेळी ती आधीपेक्षा खाली राहून सुरुवात करत होती. चौथ्यापर्यंत सस्पेन्शन तळाशी. चालकाला ते 'कडक' वाटत होतं आणि शब्द खोटा नव्हता. पण या कडकपणाचं औषध मऊ करणं हे नव्हतं. चाकाला खाली यायला वेळ देणं, हे होतं. मऊ करून तो गाडीला तळाच्या अधिक जवळ नेत होता. दुपारच्या सत्रात तो त्याच वळणातून बाहेर पडताना मी पाहिला. मागचं चाक रेघ धरून होतं. गाळ्यात परत आल्यावर त्याने हेल्मेट काढायच्या आधी वहीत तीन क्लिकची नोंद केली.

पैसे कुठे घालावेत

मला तरुण चालक हमखास विचारतात, "दादा, कोणता शॉक घेऊ?" माझं उत्तर त्यांना निराश करतं. आधी चांगले टायर. मग ताजं फोर्क तेल आणि सील. मग आपल्या वजनाच्या स्प्रिंगा. साध्या भोकांचा फोर्क असेल तर त्यात बसणारा चकत्यांचा व्हॉल्व्ह. महागडा शॉक त्यानंतर. चुकीच्या स्प्रिंगवर बसवलेले वीस क्लिकांचे स्क्रू म्हणजे बेसूर लावलेल्या तंबोऱ्यावर चढवलेले नवे मणी.

परिस्थिती मात्र सुधारते आहे. टीव्हीएसने २०२१ मध्ये 'अपाचे आरआर ३१०' या गाडीला कारखान्यातूनच पुढे-मागे प्रीलोड, रिबाउंड आणि कॉम्प्रेशन बदलता येईल असं सस्पेन्शन निवडायची सोय दिली. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स आणि पुण्याची गॅब्रिएल इंडिया या कंपन्या देशातल्या असंख्य दुचाकींचे फोर्क आणि शॉक बनवतात. म्हणजे हे ज्ञान आपल्या आसपासच आहे. ते गॅरेजपर्यंत आणि चालकापर्यंत पोचायचं आहे.

सर्वोच्च पातळीवर काय चालतं, तेही पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली आणि मार्को बेझेकी जिंकले. त्या मैदानात केटीएमच्या गटातल्या गाड्या सोडल्या तर बाकी कंपन्यांच्या गाड्यांखाली एकाच स्वीडिश कारखान्याचं सस्पेन्शन होतं. मोटोजीपीत संगणकाने चालणारं सस्पेन्शन वापरायला बंदी आहे. सेन्सरचे आलेख असतात, पण फोर्कमध्ये बदल करायचा तो माणसाने, दोन सत्रांच्या मध्ये, चालकाचं म्हणणं ऐकून. एकाच कारखान्याचा फोर्क, तरी प्रत्येक चालकाचं लावणं वेगळं.

ट्रॅकवरून रस्त्याकडे

दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी फार थोडे कधी ट्रॅकवर जातील. पण घराघरात दुचाकी आहे आणि तिच्यावर रोज कुणीतरी आपलं माणूस बाहेर पडतं. म्हणून शेवटी थोडं त्या गाडीबद्दल.

झिजलेल्या शॉकची गाडी बसायला मऊ वाटते, त्यामुळे तिची तक्रार कुणी करत नाही. खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक लागला की मात्र तिचं चाक उड्या मारतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागला की ते लगेच थांबतं. एबीएस असेल तर त्याला चाक लॉक झालं असं वाटतं आणि तो ब्रेक सैल करतो. दोन्ही प्रकारांत गाडी थांबायला अंतर जास्त लागतं. ते जास्तीचं अंतर कधी दोन मीटर असेल, आणि पुढे उभ्या असलेल्या बसच्या दृष्टीने दोन मीटर पुष्कळ असतात.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा आहे का, पाहा. सील गेलं असेल तर तेल ब्रेकवर उतरू शकतं. गाडी उभी करून सीट दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहता कामा नये. मागे दोन शॉक असतील तर खाली खाचांचं कडं असतं. बहुतेक घरांत ते गाडी घेतल्या दिवशी जिथे होतं तिथेच असतं. मागे रोज कुणी बसत असेल, तर एक-दोन खाचा चढवा. एकटेच जात असाल तर उतरवा. दोन्ही बाजूंना सारख्याच खाचा हव्यात. आणि फोर्कमधलं तेल बदललं जातं, हे मेकॅनिकला विचारून ठेवा. इंजिनाचं तेल आपण न चुकता बदलतो. फोर्कचं तेल पुष्कळ गाड्यांत कारखान्यातून आलं तेच, काळं होऊन, वर्षानुवर्षं पडून असतं.